मोफत वॉर्डातली खाट

मी एक लोखंडी खाट. इस्पितळातली, डोक्याकडची बाजू हँडल फिरवून वर उचलता येते, त्या जातीची. पत्ता विचाराल तर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कुठेही समजा. इस्पितळाचं नाव सांगणार नाही. मी दुकानात वाढलेली आहे, आणि नाव घेऊन कुणाचा माल वाईट म्हणायचा नाही, ही दुकानातली पहिली शिकवण.

हो, दुकानात. इथे येण्याआधी मी बराच काळ आग्रा रोडवर, असल्फ्याच्या वळणाशी, काशीराम खवणेकरच्या दुकानाच्या दारात उभी होते. नमुना म्हणून. दुकानाच्या दारात उभं राहिलेल्याला बोलायला वेगळं शिकवावं लागत नाही, तेव्हा माझ्या बोलण्याचं नवल करू नका.

काशीराम मालवणकडचा. शिक्षण चौथीपर्यंत. परळला गिरणीत लागला, पण संपाच्या कितीतरी आधी बाहेर पडला. तो म्हणायचा, "भोंगा वाजलो की उठायचा, भोंगा वाजलो की बसायचा, ह्यात माझा काय रवला?" मग भंगारातले पाइप घेऊन त्याने खाटा बनवायला सुरुवात केली. मागे पत्र्याची शेड, पुढे दुकान. पाइपवर बोटाचं पेर वाजवून तो त्याची जाडी सांगे, आणि गिऱ्हाइकाच्या चपला बघून किंमत.

एकदा विक्रोळीचं एक कुटुंब मुलाच्या लग्नासाठी खाट घ्यायला आलं. खाट भार घेईल का, म्हणून नवऱ्या मुलाच्या बापाला काळजी. काशीरामने सगळ्यांना माझ्यावर बसवलं, मामा-मावशांसकट, आणि चहा मागवला. म्हणाला, चहा संपेपर्यंत खाट कुरकुरली तर दुसरी फुकट न्या. मंडळींनी चहा संपवला आणि आणखी एकेक कप मागितला. तो चहाही काशीरामने पाजला आणि तेवढे पैसे खाटेच्या किमतीत लावले.

माणसांची एक सवय मी तिथे पाहिली. खाट दिसली की प्रत्येक जण आधी तळहाताने दाबून बघतो. शेठ असो, हमाल असो. जणू खाट कुठे दुखतंय ते सांगणार आहे.

मला घडवलं भीमराजने. तो काशीरामचा वेल्डर. राहायला गोवंडीला, गाव कराडकडचं. तोही गिरणीतलाच, संपात बाहेर फेकला गेलेला. कामावर असताना फारसं बोलत नसे. माझं हँडल ज्या मळसूत्री दांड्यावर फिरतं, तो दांडा त्याने इतका मन लावून घासला, की एका बोटाने डोक्याकडची बाजू वर यायची. त्याची बायको मीरा पगाराच्या दिवशी दुकानात यायची. दुकानाला तीनच पायऱ्या, पण त्या चढली की ती दाराशी थांबायची आणि माझ्या कडेला हात टेकून श्वास गोळा करायची. हृदयाची कसलीशी झडप खराब आहे, असं भीमराज काशीरामला सांगत होता. बाई हसरी. "सावकार, तुमच्या पायऱ्या दर महिन्याला वाढतात," म्हणायची.

आता खरी गोष्ट सुरू होते. एक दिवस दुकानात जयंतीभाई आले. कापडाचे व्यापारी, पांढरा सदरा, बोलायला अगदी गोड. म्हणाले, खाटा पाहिजेत, सोळा. आणि बसल्या बसल्या त्यांनी काशीरामला जी योजना सांगितली, ती ऐकून मला वाटलं, धंदा असावा तर असा.

महापालिकेचं एक जुनं इस्पितळ. मागे मोठं मोकळं आवार. तिथे पूर्वी धोब्यांच्या टाक्या होत्या आणि नर्सबायकांची अळूची आळी. त्या जागेवर जयंतीभाईंच्या ट्रस्टने नवं खाजगी इस्पितळ बांधायचं. जमीन पालिकेची, भाडं नावापुरतं. बदल्यात दर पाच खाटांमागे एक खाट, म्हणजे ह्या सोळा, गरिबांसाठी फुकट ठेवायची आणि तिथे जुन्या इस्पितळातून रोगी पाठवायचे. बांधायला पैसा कुठून? थोडी देणगी, बाकी कर्ज. फोर्टातली एक मोठी कर्ज देणारी संस्था तयार होती.

काशीरामने लगेच विचारलं, "जमीन तुमची नाही. मग गहाण काय ठेवलंत?"

जयंतीभाई हसले. "तुम्ही बरोबर माणूस आहे, काशीरामभाई. जमीन नाय चालत. म्हणून आतला सगळा सामान. मशिनं, खाटा, एसी. आणि थोडा आमचा घरचा."

घरचा म्हणजे त्यांचा स्वतःचा फ्लॅट. ते त्या दिवशी त्यांनी हळूच सांगितलं, आणि चहा अर्धा टाकून उठले.

सौदा झाला. पंधरा नव्या खाटा, आणि सोळावी मी. निम्मे पैसे हातात आले, निम्मे राहिले. काशीराम मागायला गेला की जयंतीभाई त्याला खुर्ची द्यायचे, पेढा द्यायचे, पैसे सोडून सगळं द्यायचे. शेवटी म्हणाले, बाकी रक्कम देणगी समजा, तुमच्या आईच्या नावाची पाटी लावतो. पुढे दुसरा मजला वाढला की सगळा लोखंडी माल तुमच्याकडूनच. काशीरामसारखा माणूस, गिऱ्हाइकाच्या चपला ओळखणारा, पण त्या पुढच्या मजल्याला भुलला. माझ्या पायाकडे पितळेची पाटी लागली: कै. जानकीबाई खवणेकर यांच्या स्मरणार्थ.

तिच्याखाली दुसऱ्याच आठवड्यात आणखी एक लहान पितळी बिल्ला ठोकला गेला. त्यावर नुसता आकडा. तो कर्जवाल्यांचा. म्हणजे मला बनवलं भीमराजने, विकलं काशीरामने, दान झाले त्याच्या आईच्या नावाने, आणि गहाण पडले जयंतीभाईंच्या हाताने. एका खाटेला चार मालक. झोपणारा मात्र एकही नाही.

कारण आमचा वॉर्ड उघडलाच नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत आम्हा सोळाजणींना रांगेत लावलं, गाद्या घातल्या, गाद्यांवरचं प्लॅस्टिक तसंच ठेवलं, दारावर 'मोफत कक्ष' अशी पाटी लावली आणि कुलूप घातलं. कारण साधं होतं. फुकट रोग्याला नर्स लागते, औषध लागतं, जेवण लागतं. कर्जवाल्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हप्ते नीट सुरू होईपर्यंत उत्पन्न नसलेला खर्च वाढवू नका. आणि हप्ते काही नीट सुरू होईनात. जयंतीभाई हप्त्याच्या तारखेला इमारतीत यायचे, प्रत्येक मजल्यावरच्या पैसेवाल्या रोग्यांना नमस्कार करत फिरायचे, जणू सगळे घरचे पाहुणे.

तपासणीला वर्षातून दोन साहेब येत. पालिकेचे साहेब आले की कुलूप निघायचं, प्लॅस्टिक निघायचं, चादरी अंथरल्या जायच्या, आणि जयंतीभाई म्हणायचे, साहेब, सगळं तयार आहे, नर्सचीच वाट बघतोय. कर्जवाले साहेब आले की चादरी काढायच्या, प्लॅस्टिक घालायचं, कुलूप लावून मग त्यांच्यादेखत उघडायचं, बिल्ले मोजू द्यायचे. साहेब, बघा, एक पैशाचा खर्च नाही. दोघांचं समाधान व्हायचं. आम्ही त्याच खोलीत, त्याच जागी. फक्त अंगावरचं बदलायचं.

कोंडलेपण कसं असतं ते सांगते. माणसाला कोंडलं तर तो दार ठोठावतो. खाटेला उभं राहण्यापलीकडे काही येतच नाही, त्यामुळे कुणाला कळतही नाही की ती कोंडली आहे. उन्हाळ्यात प्लॅस्टिक गादीला चिकटायचं. पावसाळ्यात माझ्या पायांना गंज यायचा आणि मी मनात म्हणायचे, हा गंज कुणाच्या वापराने यायला हवा होता. पलीकडच्या खोलीत पैसेवाले रोगी खोकायचे, घंटी वाजवायचे, नर्सवर ओरडायचे. मला त्या ओरडण्याचाही हेवा वाटायचा.

माझ्या नशिबाने माझी जागा खिडकीशी होती. खिडकीतून जुनं इस्पितळ समोर दिसायचं, मधे फक्त अंगण. जुन्याच्या व्हरांड्यात रोगी जमिनीवर असायचे. दोन खाटांच्या मधे एक, भिंतीला लागून एक, जिन्याखाली एक. मी रिकामी, आणि ते खाली. रोज सकाळी हेच बघायचं. मान वळवायला मला येत नाही.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी व्हरांड्यात एक बाई दिसू लागली, जी कधी आडवी होत नव्हती. भिंतीला पाठ लावून बसलेली, पाठीमागे गुंडाळलेली वळकटी, वळकटीच्या मागे उलटी ठेवलेली खुर्ची. रात्र झाली तरी बसलेलीच. मान पुढे पडली की दचकून सरळ व्हायची. मला वाटलं, ही झोपत का नाही? मग एक दिवस तिच्याजवळ एक माणूस वाकला, आणि त्याचे वेल्डिंगने डागलेले हात मी ओळखले. भीमराज. म्हणजे ती मीरा.

काशीरामने खाटा विकताना शब्द दिला होता, वर्षातून एकदा तेलपाणी फुकट. शब्दाला तो पक्का. त्या आठवड्यात तो तेलाची बुधली घेऊन आला. माझं हँडल फिरवता फिरवता त्याची नजर खिडकीबाहेर गेली, आणि हात थांबला. बायको इस्पितळात आहे म्हणून भीमराजने रजा घेतली होती, पण कुठल्या, ते त्याने सांगितलं नव्हतं. गोवंडीहून जवळच्या इस्पितळात जागा नाही म्हणाले, म्हणून इथवर आले होते.

काशीराम खाली गेला. बऱ्याच वेळाने परत आला तेव्हा त्याच्याबरोबर जुन्या इस्पितळाच्या नलिनी सिस्टर होत्या. बुटक्या, आवाज खणखणीत. त्यांनी दारातून आम्हा सोळाजणींकडे पाहिलं. मग काशीरामला सांगितलं, की मीराच्या फुप्फुसात पाणी भरतं, आडवी झाली की गुदमरते. तिला अर्धं उठवून झोपवता आलं, चार रात्री झोप मिळाली, तर औषध लागू पडेल. नाहीतर बसून बसूनच ती संपेल. जुन्यात अशी वर होणारी खाट एकच आहे, तिच्यावर तिच्याहून वाईट अवस्थेतला रोगी आहे.

"आणि इथे सोळा," त्या म्हणाल्या. "प्लॅस्टिकमध्ये. लोणच्यासारख्या."

काशीरामने माझ्या पायाकडच्या पाटीवरून अंगठा फिरवला. हळू आवाजात म्हणाला, "आवशीच्या नावान खाट दिलंय, आणि आवशीकच कोंडून ठेवल्यानी."

तो आधी सरळ मार्गाने गेला. जयंतीभाईंकडे जाऊन हात जोडले. त्यांनीही हात जोडले. एक रोगी घेतला की पालिका म्हणणार, बाकीच्या पंधरा का नाही? आणि सोळा घेतल्या की कर्जवाले म्हणणार, फ्लॅट रिकामा करा. "माझ्या मागे पण दोन माणसं उभी आहे, काशीरामभाई," ते म्हणाले. खोटं नव्हतं ते. खोटं असतं तर काशीरामला भांडता आलं असतं.

मग त्याने दुकानदाराची वाट धरली. दुसऱ्या दिवशी दोन हमाल आणि भीमराजला घेऊन आला आणि वॉचमनला म्हणाला, खिडकीशी असलेल्या खाटेचं मळसूत्र अडकलंय, दुरुस्त करतो. वॉचमन म्हणाला, करा, पण खाट आवाराबाहेर न्यायची नाही, कर्जवाल्यांचा हुकूम आहे. काशीराम म्हणाला, आवाराबाहेर कोण नेतंय?

खरंच होतं. आवार एकच होतं. जमीन पालिकेची, तिच्यावर जुनंही उभं, नवंही उभं. मला लिफ्टने खाली आणलं, अंगण ओलांडलं आणि जुन्याच्या व्हरांड्यात ठेवलं. भीमराजने हँडल फिरवलं. मी आयुष्यात पहिल्यांदा कामासाठी वर झाले. नलिनी सिस्टरनी आणि त्याने मीराला उचलून माझ्यावर ठेवलं. तिने आधी काय केलं असेल? तळहाताने मला दाबून पाहिलं.

"ही दुकानातलीच ना?" तिने विचारलं.

"हो. गप झोप," भीमराज म्हणाला.

ती झोपली. इतकी झोपली, की दुपारी नलिनी सिस्टरनी दोनदा येऊन तिच्या नाकाशी बोट धरलं. तिचं वजन म्हणाल तर काहीच नव्हतं. पण माझ्या पट्ट्यांना पहिल्यांदा कळलं, की त्या कशासाठी ठोकल्या आहेत.

असे सहा-सात दिवस गेले. तिच्या पायांची सूज उतरू लागली. दुरुस्ती चालू आहे, असं काशीराम रोज वॉचमनला सांगायचा आणि सोबत तंबाखूची पुडी द्यायचा.

आणि मग जयंतीभाईंच्या हातून ती चूक झाली, जी फक्त काटकसरी माणसाच्या हातून होते. तपासणीला साहेब येणार म्हटलं की फरसाण, मिठाई, चहा, हार, फुलं आलीच. दरवर्षी दोनदा हा खर्च. त्या वर्षी त्यांनी हिशोब केला, की दोन्ही साहेबांना एकाच दिवशी बोलावलं तर एकाच फरसाणात भागेल. कर्जवाले सकाळी, पालिकेचे दुपारी. मधे चादरी बदलायला पुरेसा वेळ. बेत चोख होता. फक्त सकाळी वॉर्ड उघडला तर खाटा पंधरा.

वॉचमनला विचारून ते धावत अंगण ओलांडून आले. कपाळावर घाम. माझ्यावर बाई पाहून ते जागीच थबकले. कर्जवाले साहेब फाटकाशी गाडीतून उतरत होते, एक बिल्ला कमी म्हणजे गहाण माल गायब, म्हणजे काय होईल ते त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं.

"खाट वर पाहिजे. आत्ता," ते म्हणाले.

नलिनी सिस्टर म्हणाल्या, "न्या. मी हिला जमिनीवर ठेवते. गुदमरली तर शेठ, तुम्ही इथे उभे होता, एवढं मी लिहिणार."

जयंतीभाई बाईकडे बघतात, फाटकाकडे बघतात. तेव्हा काशीराम पुढे झाला. अगदी गिऱ्हाइकाशी बोलावं तसा. म्हणाला, "जयंतीभाई, घाई आहे ना? मग बाईसकट न्या. मोजायचा तो बिल्ला, बाई कोण मोजतंय?"

घाईत माणूस सौदा करतो तसा जयंतीभाईंनी केला. हमालांनी मला उचललं, मीरासकट. लिफ्टमध्ये ती माझा गज घट्ट धरून होती. वॉर्डात माझ्या जागेवर मला टेकवलं, आणि मागोमाग कर्जवाले साहेब आत आले. बिल्ले मोजले. सोळा भरले. मग त्यांनी चष्म्यावरून मीराकडे पाहिलं. हे काय? खर्च सुरू केलात?

तेवढ्यात दारात पालिकेचे साहेब. गाडी लवकर मिळाली म्हणून दुपारऐवजी सकाळीच आले होते. त्यांनी आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. किती वर्षं ते वरच्यांना सांगत होते, की वॉर्ड सुरू होतोय. आज रोगी दिसला. "छान, छान. म्हणजे सुरू केलात एकदाचा," ते म्हणाले आणि मीराला विचारलं, बरं वाटतंय का? ती म्हणाली, हो साहेब, इथे झोप लागते.

आता पालिकेच्या साहेबांपुढे कर्जवाले तरी काय बोलणार, की हिला उठवा? सगळे शेजारच्या खोलीत फरसाण खायला गेले. दार अर्धं उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं. कर्जवाल्यांनी विचारलं, रोगी किती? एक. पालिकेच्या साहेबांनी विचारलं, वॉर्ड चालू आहे ना? चालू आहे. एका रोग्याचा खर्च झेपेल, कर्जवाले म्हणाले. चालू म्हणायला एक रोगी पुरे, पालिकेचे म्हणाले. कुणी कागदावर काही लिहिलं नाही. पण त्या बशीभर फरसाणावर माझा कायदा ठरला. सोळा खाटा, रोगी एक.

जयंतीभाईंना तेही जड होतं. त्यांचा विचार सरळ होता. ही बाई बरी होऊन जाईल, मग नर्स नाही म्हणून पुन्हा कुलूप. पुढच्या तपासणीपर्यंत वर्ष आहे. आयाबाईला ते माझ्याजवळ उभं राहूनच सांगून गेले, बाई गेली की प्लॅस्टिक घालून ठेव. मीरा डोळे मिटून पडली होती. तिचा हात माझ्या गजावर आवळला गेला, ते फक्त मला कळलं.

ती बरी झाली. म्हणजे पूर्ण नाही, झडप तीच होती. पण श्वास लागेना, सूज गेली, डॉक्टर म्हणाले गोळ्या चालू ठेवून घरी जा. भीमराज पिशवी घेऊन आला. त्यांची पोर नीला खाली अंगणात उभी होती. लहान मुलांना वर सोडत नसत, म्हणून तो रोज तिला अंगणात उभी करायचा आणि मीरा खिडकीतून हात करायची. त्या दिवशी नीला नवीन फ्रॉक घालून आली होती.

"चल," भीमराज म्हणाला.

"नाही येत."

त्याला वाटलं थट्टा. पिशवी उघडून तिची साडी त्यात ठेवू लागला. ती म्हणाली, "मी उठले की कुलूप लागणार. खाली व्हरांड्यात मालनबाई आहेत, भाजीवाल्या. माझ्याच जागी बसल्यात, माझ्याच खुर्चीला टेकून. त्यांना वर आण, मग उठते."

"ते काय माझ्या हातात आहे?"

"मग माझं उठणं माझ्या हातात आहे."

भीमराज सहसा बोलत नसे, त्या दिवशी बोलला. पोर शेजाऱ्यांकडे जेवते. रात्री आई पाहिजे म्हणून बसून राहते. तुला दुसऱ्यांचं पडलंय, नीलाचं नाही. मीराने तोंड खिडकीकडे केलं. पोरीला हात केला. हात करताना ती हसत होती आणि माझ्या उशीवर पाणी पडत होतं.

नलिनी सिस्टरनी मालनबाईंना पाठवायची चिठ्ठी दिली. नव्याच्या ऑफिसने ती परत पाठवली: वॉर्डात रोगी आहे, जागा नाही. म्हणजे बघा, मीरा उठल्याशिवाय मालनबाई येणार नाहीत, मालनबाई आल्याशिवाय मीरा उठणार नाही, आणि मीरा उठली की कुलूप. पंधरा रिकाम्या खाटांच्या मधे एक चांगली झालेली बाई अडकून बसली. पंधरवडा गेला. तिला जेवण जाईना. ज्या खाटेने तिचा जीव वाचवला, त्याच खाटेचा तिला वीट आला होता. रात्री ती माझ्या गजावर नखाने ओरखडे काढायची. मला राग आला नाही. मीही तशीच कोंडलेली होते, फक्त मला नखं नव्हती.

शेवटी जयंतीभाई स्वतः आले. सोबत काशीराम. जयंतीभाईंनी खुर्ची शोधली, मिळाली नाही, तेव्हा माझ्याच कडेला टेकले. थकलेले दिसत होते. त्यांनी मीराला सगळं सांगितलं, हप्ता, कर्ज, फ्लॅट, बायकोला अजून सांगितलेलं नाही तेही.

"माझं घर अडकलंय, बाई."

"माझं पण," मीरा म्हणाली. "गोवंडीला."

मग ती म्हणाली, "शेठ, मी इथे आहे तोवर तुमचा एका माणसाचा खर्च आहेच. मी जाणार नाही, म्हणजे तो राहणारच. मग त्या खर्चात मला कशाला पोसता? मी तर बरी आहे. आजारी माणूस पोसा. तेवढ्याच पैशात पुण्य जास्त."

काशीराम खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. हसत होता, की काय करत होता, पाठमोरा होता म्हणून सांगता येत नाही. जयंतीभाईंनी आयुष्यभर कापड विकलं होतं. सौदा हरला की तो त्यांना लगेच कळायचा.

"बोलावा तिला," ते म्हणाले.

मालनबाईंना चाकाच्या खुर्चीवरून वर आणलं. मीराने पाय खाली सोडले नाहीत. ती सरकून पायथ्याशी बसली, मालनबाईंना डोक्याकडे ठेवलं, नलिनी सिस्टरनी हँडल फिरवून त्यांना वर केलं, त्यांचा श्वास जरा बसला. तोवर दोघी माझ्यावर होत्या. मग मीरा उठली. पाटीकडे न बघता, माझ्याकडेही न बघता, भिंत धरत जिन्याकडे गेली. थोड्या वेळाने खालून नीलाचा आवाज आला, काय म्हणाली ते कळलं नाही.

तेव्हापासून मी रिकामी पडलेली नाही. तुम्ही म्हणाल, चला, सुटली बिचारी. नाही हो. सुटका कुणाचीच झाली नाही. नियम तोच राहिला, रोगी एकच. आणि रिकामी झाले की कुलूप, ही भीतीही तीच. म्हणून बऱ्या झालेल्याने पुढचा येईपर्यंत उठायचं नाही, अशी इथली रीत पडली. कुणी दोन दिवस अडकतो, कुणी आठ. एका बाईची दिवाळी माझ्यावर गेली. शेजारच्या इमारतींचे आकाशकंदील बघत बसली होती. लोक मला शिव्या देतात आणि माझ्यावर बसून राहतात. काशीरामचा दुसरा मजला अजून आलेला नाही, तरी तो तेलपाणी करायला येतो. भीमराज माझ्या दांड्यावरचा गंज काढतो. जयंतीभाईंचा हप्ता चालू आहे. माझ्या पंधरा बहिणी मागच्या रांगेत प्लॅस्टिकमध्ये आहेत. त्यांना अजून कुणी दाबूनसुद्धा पाहिलेलं नाही.

तुम्ही भली माणसं आहात, कधीतरी देणगी द्याल. आईच्या नावाने द्याल, वडिलांच्या नावाने द्याल. तेव्हा एवढं करा, पाटी कुठे लावणार ते मागाहून विचारा. आधी विचारा, खोलीची किल्ली कुणाकडे असते.

आत्ता माझ्यावर भांडुपची एक पोरगी आहे. लग्न होऊन वर्षही झालेलं नाही. चार दिवसांपूर्वीच बरी झाली. वेणी घातली आहे, पिशवी भरून मांडीवर घेतली आहे. जिन्यात पावलं वाजली की ती पाय खाली सोडते, आणि पावलं पुढे निघून गेली की परत वर घेते.